ठोकळ्यांचा नाताळचा गोठा: सुरुवात गव्हाणीपासून

डिसेंबर लागला की ठोकळ्यांचा डबा निघतो आणि बहुतेक जण आधी छप्पर, चांदणी, दिव्यांची माळ यांच्या मागे लागतात. बाळ येशूला मग जागाच उरत नाही. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, त्याची आई मरीया बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवते. सगळ्या देखाव्याचं माप त्या गव्हाणीवरूनच काढा.

माप सोपं आहे. लेगोच्या ठोकळ्यावर एका स्टडपासून, म्हणजे वरच्या गोल उंचवट्यापासून, पुढच्या स्टडपर्यंत ८ मिमी अंतर असतं. ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, प्लेटची ३.२; तीन प्लेटा म्हणजे एक ठोकळा. लेगोची बाहुली साधारण ४ सेंमीची. नागपुरात बर्डीच्या दुकानांतून सुटे किंवा दुसऱ्या कंपनीचे ठोकळे आणणार असाल तर घरच्या एका ठोकळ्यावर बसवून बघूनच घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे ठोकळे एकाच भिंतीत मिसळले की केसभर फरक साचत जातो आणि चौथ्या-पाचव्या थराला सांधे उघडे दिसू लागतात. मिसळायचेच असतील तर एका कंपनीचे भिंतीला, दुसरीचे जनावरांना.

गव्हाणीसाठी २×४ ची, म्हणजे दोन स्टड रुंद आणि चार लांब, तपकिरी प्लेट घ्या. खाली चार कोपऱ्यांना १×१ चे चार ठोकळे, हे पाय. वर दोन्ही टोकांना १×२ च्या प्लेटा, एकावर एक दोन. तिथे पूर्ण ठोकळा लावला तर बाजूने बाळ दिसतच नाही. मधल्या चार स्टडपैकी मागच्या दोनांवर पिवळ्या गोल १×१ प्लेटा, हा चारा. पुढच्या दोनांवर बाळ: डोक्याला अंगाच्या रंगाची गोल १×१ प्लेट, बाळंत्याला पांढरा १×१ चा उतरता तुकडा. खरं तणस टाकायचा मोह आवरा. ते या मापाला फार जाड दिसतं, आणि त्याचा भुसा ठोकळ्यांच्या पोटात अडकला की ते पुढे नीट बसत नाहीत.

गोठा १२ स्टड रुंद, ८ खोल, ७ थर उंच. मागच्या भिंतीच्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या थरात १×४ चे तीन ठोकळे आणि बाजूच्या भिंतींना प्रत्येकी एक १×३. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या थरात बाजूला प्रत्येकी एक १×४ थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत न्या आणि मधल्या दहा स्टडमध्ये १×४, १×२, १×४ लावा. कोपऱ्यात थर असे एकमेकांत गुंतले पाहिजेत. सांध्यावर सांधा आला की भिंत उभी चिरते. एकूण १×४ चे २४, १×३ चे ८, १×२ चे ३ लागतील. पुढच्या दोन कोपऱ्यांना २×२ चे सात-सात ठोकळे, हे खांब. १×१ चे खांब दिसतात नाजूक, पण जागच्या जागी फिरतात आणि छप्पर वाकडं होतं. छपराला ४×१२ च्या दोन प्लेटा, आणि त्यांच्या सांध्यावर २×६ च्या दोन. तपकिरी ठोकळे पुरले नाहीत तर मागची अख्खी भिंत लाल करा, विटांची वाटेल. रंगीबेरंगी भिंतीपुढे मात्र बाहुल्या हरवतात.

खाली ३२×३२ चा बेसबोर्ड, म्हणजे २५.६ सेंमी. तो पातळ असतो, उचलताना वाकतो आणि गोठ्याचा तळ सुटतो. हार्डबोर्डच्या तुकड्यावर दोन बाजूंच्या टेपने चिकटवा. रंग मातकट किंवा हिरवा घ्या. शुभवर्तमानांतल्या जन्मकथेत बर्फाचा उल्लेख कुठेही नाही.

बाहुल्यांची मोठी अडचण गुडघ्यांची. त्यांचे पाय फक्त कमरेत वाकतात, त्यामुळे गुडघे टेकलेली मरीया नुसत्या बाहुलीतून होत नाही. पाय काढा आणि धड २×२ च्या उतरत्या ठोकळ्याच्या वरच्या दोन स्टडवर बसवा, उतार पुढे. झगा पसरून बसल्यासारखं दिसतं. निळा ठोकळा मरीयेला, राखाडी एखाद्या मेंढपाळाला. ओढणीला सुती कापडाचा तुकडा घ्या आणि कडांना पाण्यात कालवलेलं फेविकॉल लावून वाळू द्या, नाहीतर दोरे निघतात.

बैल आणि गाढव शुभवर्तमानांत नाहीत, पण संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो इथे गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हा ते होते. बैलाला १×१ चे चार पाय, वर २×४ चा ठोकळा, पुढे २×२ चा ठोकळा एक स्टड बाहेर काढून बसवा, ते डोकं. त्याच्या मागे एक छोटा उतरता तुकडा लावला की वशिंड होतं; विदर्भातल्या मुलांना बैल त्यावरूनच ओळखू येतो. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी मात्र इथे ठेवू नका, त्याच्यापुढे मरीयेचा पती योसेफ बोटाएवढा दिसेल.

मेंढपाळ आणि देवदूत लूकमध्ये आहेत, मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, आणि तारा मत्तयच्या शुभवर्तमानात. मागी किती होते हे मत्तय सांगत नाही. सोने, ऊद, गंधरस या तीन भेटींवरून तीन मानले जातात. त्यांना बोर्डाच्या दूरच्या कोपऱ्यात उभं करा आणि रोज दोन-तीन स्टड पुढे सरकवत ६ जानेवारीला, म्हणजे मागींच्या आगमनाच्या सणाला, गव्हाणीपाशी आणा. मुलांना यात गोष्ट कळते, आणि गोठ्यापुढे गर्दीही होत नाही.

उजेडाला सेलवरची एलईडी माळ पुरते. तार खांबामागून वर घ्या, ठोकळ्यांच्या सांध्यात दाबू नका. मेणबत्ती जवळ नको, प्लास्टिक वाकतं. दक्षिणेच्या खिडकीत दिवसभर ऊन येत असेल तर देखावा तिथून हलवा, पांढरे ठोकळे पिवळे पडतात. सोडवताना दोन प्लेटा घट्ट बसल्या तर दात किंवा सुरी लावू नका. वर आणि खाली २×४ चा एकेक ठोकळा बसवा आणि दोन्ही उलट दिशांना तिरके ओढा, प्लेटा सुटतात.