दात घासण्याची योग्य पद्धत, आणि पेस्ट-ब्रश घेताना काय पाहावे

सकाळचा ब्रश सहसा कोणी चुकवत नाही, रात्रीचा मात्र कंटाळा केला जातो. खरे तर रात्रीचाच जास्त महत्त्वाचा. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांत अडकलेल्या अन्नापासून जंतू जे आम्ल तयार करतात ते धुऊन निघत नाही. म्हणून जेवणानंतर दूध, बिस्कीट, बडीशेप सगळे उरकले की शेवटी ब्रश करा आणि मग फक्त पाणी प्या.

ब्रश पेनासारखा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी लागतो. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर ब्रशचे केस साधारण ४५ अंशांत तिरके टेकवा. दातावरचा चिकट थर तिथेच सर्वांत जास्त साचतो. आता जागच्या जागी अगदी थोडे मागेपुढे हलवा, आठ-दहा वेळा, आणि मग ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे वळवून घ्या. असे दोन-दोन दात करत पुढे सरका. बाहेरची बाजू झाली की आतली, शेवटी दाढांचा चावायचा भाग. करवतीसारखे खसाखस आडवे घासू नका. त्याने हिरड्या खाली सरकतात, मुळाशी खाचा पडतात आणि थंड पाणी झोंबू लागते.

शेवटच्या दाढेपर्यंत ब्रश पोचत नसेल तर तोंड थोडे मिटा, गाल सैल पडतो आणि जागा होते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरा. तिथे लाळग्रंथीचे तोंड असते, म्हणून कीटण सर्वांत आधी तिथेच धरते. एकूण दोन मिनिटे द्या.

घासताना रक्त आले की लोक ती जागा सोडून देतात. तिथेच थर साचून हिरडी सुजलेली असते, म्हणून मऊ ब्रशने ती जागा रोज स्वच्छ करत राहा. दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही तर दंतवैद्याकडे जा. घट्ट झालेले कीटण ब्रशने निघत नाही, ते दवाखान्यातच काढावे लागते. ते काढल्याने दात सैल होतात ही भीती चुकीची आहे. हिरडीखालचे हाड आधीच झिजलेले असते, कीटण निघाल्यावर ते जाणवते इतकेच.

पेस्टचा फेस थुंका, पण लगेच खळखळून चुळा भरू नका. पेस्टमधले फ्लोराइड दातांना किडीपासून जपते, ते दातांवर थोडा वेळ राहू द्या. लिंबू सरबत किंवा सोलकढी घेतली असेल तर अर्ध्या तासाने ब्रश करा, कारण आंबटाने दाताचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ पडतो.

खरेदीच्या वेळी खोक्याची मागची बाजू वाचा. फ्लोराइड आहे का आणि किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग), ते पाहा. भारतात पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत फ्लोराइडला परवानगी आहे आणि ते प्रमाण छापणे बंधनकारक आहे. अनेक ‘हर्बल’ पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच. ट्यूबच्या टोकाचा रंगीत चौकोन पेस्ट नैसर्गिक की रासायनिक हे सांगतो, असे मेसेज फिरतात. ती फक्त ट्यूब कापणाऱ्या यंत्रासाठीची खूण असते. ब्रश ‘सॉफ्ट’ आणि लहान डोक्याचा घ्या, तीन महिन्यांनी किंवा केस वाकले की बदला. कोळसा, राखुंडी, मीठ यांनी दात पांढरे दिसले तरी ते झिजतात.

तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, सहापर्यंत वाटाण्याएवढी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे मूल पेस्ट गिळत नाही ना, याकडे जास्त लक्ष द्या. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती पक्की असते, पडून पुन्हा येत नाही. पालक तिला दुधाची समजतात आणि ती किडते. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश तुम्हीच फिरवा.

आणि मशेरी. आपल्याकडे कितीतरी घरांत बायका अजूनही दिवसातून अनेकदा ती लावतात, कारण ती भाजलेली तंबाखू आहे आणि तिची तलफ लागते. हिरड्या खराब होतातच, तोंडाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. आई-आजीला रागावून ती सुटत नाही. १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर त्यांच्याशी बोलणे करून द्या. गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवा.