अठ्ठावीस अंकांची विषयसूची

'याप्राक' म्हणजे तुर्कीत पान, झाडाचंही आणि कागदाचंही. तुर्की कवी ओरहान वेलीचं या नावाचं पाक्षिक अंकाराहून निघालं, १ जानेवारी १९४९ ते १५ जून १९५०. एवढ्या अल्पायुषी पत्रातल्या कवितांचे विषय शोधायचे तर निवडक कविता घेऊ नका, सगळ्या नोंदवा. निवडायला गेलं की हात ओळखीच्या नावांवरच पडतो.

शीटवर आठ रकाने करा: अंक, तारीख, पान, छापलेलं नाव, पहिली ओळ, मूळ की अनुवाद, विषय, शेजारचा मजकूर. तारीख अंकावरचीच उतरवायची. पाक्षिकाच्या हिशेबाने त्या काळात ३६ अंक भरतात, निघाले २८. मध्ये खाडे आहेत. नावं उच्चाराप्रमाणे लिहा: तुर्की 'सी'चा उच्चार 'ज', म्हणून Cevdet हे आडनाव नव्हे, नाव लिहायचं ते जेव्देत, जसं कवी मेलिह जेव्देत. शोधताना टिंबाचा आणि बिनटिंबाचा 'आय' ही दोन वेगळी अक्षरं आहेत हे विसरलात तर अर्ध्या नोंदी सापडणारच नाहीत.

खरी गोची सर्वनामाची. तुर्कीत 'ओ' म्हणजे तो, ती, ते, सगळंच. मराठी क्रियापद मात्र लिंग ठरवल्याशिवाय हलत नाही. यंत्राने 'ती आली नाही' असं भाषांतर दिलं की आपण बिनदिक्कत 'प्रेम' लिहून मोकळे होतो. मुळात न आलेला मित्र असेल, नाहीतर पत्रही. कच्च्या भाषांतरात 'तो/ती/ते' तसंच ठेवा आणि पूर्ण कविता वाचून मगच विषय भरा.

एका कवितेला जास्तीत जास्त दोन विषय. 'सामान्य माणूस' हा विषय बादच करा. ओरहान वेली, ओक्ताय रिफात आणि मेलिह जेव्देत यांनी १९४१ च्या 'गारिप' या एकत्रित कवितासंग्रहातच वृत्त, यमक, अलंकार झुगारून साध्या माणसाची बोली धरली होती; त्या खणात सगळंच पडेल आणि हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा खाणं, भाडं, नोकरी, दारू, समुद्र, मरण असे हाताला लागणारे शब्द घ्या. पहिल्या वीस कविता दोघांनी एकमेकांना न दाखवता नोंदवाव्यात. जिथे विषय जुळत नाही तिथे बहुतेकदा शब्दच ढिला असतो.

शेवटचा रकाना आळसाने रिकामा राहतो, पण मे १९५० मध्ये या तिघांनी तुरुंगातला कवी नाझिम हिकमेत याच्या सुटकेसाठी उपोषण केलं होतं. त्या सुमाराच्या अंकात 'भिंत' आली तर ती घराची की तुरुंगाची, हे कधीकधी शेजारच्या गद्यावरूनच कळतं.

तुर्कीला हात घालण्याआधी ठाण्यातल्या मंडळींनी १८९३ पासूनच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून बंद पडलेल्या एखाद्या मराठी नियतकालिकाचा एक अंक असाच नोंदवून पाहावा. रकाने कुठे अपुरे पडतात ते तासाभरात समजतं.

ओरहान वेली नोव्हेंबर १९५० मध्ये गेल्यावर मित्रांनी १९५१ मध्ये 'सोन याप्राक', म्हणजे शेवटचं पान, काढलं. त्याला २९ वा अंक म्हणू नका, शीट वेगळी ठेवा. नाहीतर संपादकाच्या मरणाचा शोक २८ अंकांच्या 'मरण' या बेरजेत शिरतो.