जपानी काष्ठमुद्रित निसर्गचित्र घरात कसे लावावे

जपानी चित्रकार होकुसाईची ‘कानागावाची महालाट’ आपण कपांवर, टी-शर्टांवर आणि २०२४ पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवरही पाहतो. त्यामुळे मूळ चित्र जेमतेम २६ सेंटिमीटर उंच आणि ३८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ए-३ कागदाहूनही थोडे लहान आहे, हे ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही. या मापाला ‘ओबान’ म्हणतात आणि जुन्या जपानी निसर्गचित्रांपैकी बहुतेक याच मापाची आहेत. ती भिंतीसाठी काढलेली नव्हती. एदो शहरातले, म्हणजे आजच्या टोकियोतले, लोक ती दुकानातून विकत आणत आणि हातात धरून, उजेडाकडे जराशी कलती करून पाहत. बैठकीच्या कोनाड्यात टांगण्याचा मान गुंडाळी-चित्रांचा होता. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की माप, जागा, काच आणि उजेड यांबाबतचे बरेचसे प्रश्न सोपे होतात, कारण चित्र असे लावायचे असते की माणसाला त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे राहता यावे.

चित्राची निवड

या निसर्गचित्रांचे ढोबळमानाने दोन काळ आहेत. होकुसाईची (१७६०–१८४९) ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ ही माला १८३० च्या सुमारास निघू लागली आणि तिला एवढी मागणी आली की छत्तीसची अखेर ४६ चित्रे झाली. पाठोपाठ हिरोशिगेने (१७९७–१८५८) एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गावरच्या ५३ मुक्कामांची माला केली. दोन्ही टोके धरून ती ५५ चित्रांची आहे. प्रशियन निळा हा परदेशी रंग तेव्हा हाताशी आला होता आणि या दोघांच्या आकाशात व पाण्यात तोच भरलेला दिसतो. दुसरा काळ विसाव्या शतकातला, ‘शिन-हांगा’ म्हणजे नव्या मुद्राचित्रांचा. त्यात प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांच्यासाठी काम करणारे कावासे हासुई (१८८३–१९५७) आणि आपली चित्रे स्वतःच्या देखरेखीखाली छापून घेणारे योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) ही दोन नावे आधी पाहावीत. योशिदा १९३०–३१ मध्ये भारतात येऊन गेले. ताजमहाल, उदयपूर आणि वाराणसी यांच्याबरोबर त्यांनी आपल्या अजिंठ्याचेही चित्र केले आहे.

माझे मत विचाराल तर पहिले चित्र म्हणून महालाट घेऊ नये. ती इतकी परिचित झाली आहे की चार दिवसांत नजर तिच्यावरून घसरू लागते. त्याऐवजी हवामान असलेले चित्र घ्यावे. हिरोशिगेच्या तोकाइदो मालेतले ‘शोनो’ पाहा. अचानक कोसळलेली सर, तिरका चढ, खांद्यावर पालखी घेऊन वर धावणारे भोई आणि उलट दिशेने उतरणारे दोघे, त्यांतल्या एकाच्या हातात वाऱ्याशी झगडणारी छत्री. मागचे बांबूचे बन करड्या रंगाच्या थरांत छापले आहे आणि त्यात एकही रेषा नाही, नुसत्या सावल्या आहेत. सुरुवातीच्या प्रतींत त्या छत्रीवर प्रकाशकाचे नाव आणि मालेचे नाव लिहिलेले दिसते. पावसात धावणाऱ्या माणसाच्या डोक्यावर जाहिरात! असे तपशील दोन मीटरवरून दिसत नाहीत, म्हणूनच हे चित्र सोफ्याच्या मागच्या मोठ्या भिंतीपेक्षा जिथे माणूस जाता-येता क्षणभर थांबतो अशा जागी शोभते.

प्रत कोणती घ्यावी

बाजारात एकाच चित्राच्या चार प्रकारच्या प्रती मिळतात. पहिली कलावंताच्या हयातीत छापलेली. दुसरी त्याच कोरलेल्या लाकडी ठोकळ्यांवरून मागाहून काढलेली. तिसरी नव्याने ठोकळे कोरून, जुन्याच पद्धतीने हाताने छापलेली. आणि चौथी यंत्रावर छापलेली. पहिल्या प्रकाराची किंमत चांगल्या प्रतीला कुठल्या कुठे जाते. महालाटेची एक प्रत २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २७ लाख डॉलरच्या वर गेली. तिसरा प्रकार मात्र हौशी माणसाने जरूर विचारात घ्यावा. टोकियोतील अदाची संस्थेसारख्या ठिकाणी आजही चेरीच्या लाकडाचे ठोकळे कोरून, कोझोच्या झाडापासून केलेल्या वाशी कागदावर हाताने छपाई होते आणि अशा प्रतीत मूळचा ताजेपणा जुन्या, विटलेल्या प्रतीपेक्षाही अधिक जाणवतो.

विक्रेता ‘हाताने छापलेले’ म्हणत असेल तर दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन खात्री करावी. यंत्राच्या छपाईत रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते, तर ठोकळ्याच्या छपाईत रंग सलग असतो आणि सपाट आकाशात कधी कधी लाकडाच्या रेषाही उमटलेल्या दिसतात. मग कागद उलटा करून पाहावा. ‘बारेन’ नावाच्या गोल घोटणीने कागद मागून दाबत असल्यामुळे रंग पाठीमागे झिरपलेला असतो आणि घोटणीचे वळसेही जाणवतात. आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळा हळूहळू विरत जातो, त्याला ‘बोकाशी’ म्हणतात. तो ओल्या ठोकळ्यावर हाताने रंग पुसून साधतात, त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. योशिदांच्या चित्राच्या समासात ‘जिझुरी’ हा शिक्का असेल, तर ती प्रत त्यांच्या देखरेखीखाली छापलेली आहे असे समजावे.

खर्च आवरायचा असेल तर चौथा मार्गही वाईट नाही, फक्त तो नीट करावा. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट यांनी आपल्याकडच्या अनेक जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा मुक्तपणे वापरण्यासाठी दिल्या आहेत. ओबान मापात सुबक छपाई हवी असेल तर प्रतिमा साधारण ४,५०० × ३,१०० पिक्सेलची असावी. ती पिगमेंट शाईने, चमक नसलेल्या सुती कागदावर आणि मूळ मापातच छापून घ्यावी. कॅनव्हासवर चार फुटांची महालाट छापून देणारे पुष्कळ आहेत, पण त्या मापात कोरलेली नाजूक रेषा दोरखंडासारखी दिसू लागते. छपाईवाला कडा कापून ‘नीट’ करून देऊ लागला तर थांबवावे. समास, सही आणि शिक्के हा चित्राचाच भाग आहे.

चौकट

इथे माझी एक चूक सांगतो. हाताने छापलेली एक चांगली प्रत मी गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे दिली आणि काही न सांगता निघून आलो. त्याने ती दुहेरी टेपने पुठ्ठ्याला चिकटवली आणि थेट काचेला टेकवून वर खिळे ठोकले. दोन पावसाळ्यांत कागद काचेला धरला, टेपच्या जागी तपकिरी पट्टे उमटले आणि मागच्या हार्डबोर्डचा पिवळेपणा समासापर्यंत आला. दोष त्याचा कमी आणि माझा जास्त, कारण सांगायला हवे होते ते मी सांगितले नाही.

सांगायचे ते असे. चित्राच्या पुढचा माउंट, म्हणजे खिडकी कापलेला पुठ्ठा, आणि मागचा बोर्ड दोन्ही आम्लमुक्त, म्हणजे कागद पिवळा न पाडणारे, हवेत. चित्र मागच्या बोर्डाला फक्त वरच्या कडेला, वाशी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जोडावे, म्हणजे दमट हवेत कागद फुगला तरी त्याला खाली मोकळीक राहते आणि सुरकुत्या पडत नाहीत. साध्या छपाईला आम्लमुक्त कागदी कोपरे पुरतात. टेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन यांना स्पष्ट नकार द्यावा. माउंटची जाडी काच आणि कागद यांच्यात अंतर राखते, म्हणून तो दिखाव्यासाठी नसून गरजेचा आहे.

माप ठरवताना माउंटच्या खिडकीत चित्राचा स्वतःचा समास तीन-चार मिलिमीटर दिसू द्यावा. भोवती तिन्ही बाजूंना सात आणि खाली आठ सेंटिमीटर माउंट ठेवला की ओबानसाठी चौकट साधारण ५२ × ४१ सेंटिमीटरची होते. माउंट पांढराशुभ्र घेऊ नये, कारण त्याच्याशेजारी जुन्या कागदाचा साईसारखा रंग मळका वाटतो. चौकटीची पट्टी दीड-दोन सेंटिमीटरची, साध्या लाकडाची किंवा काळी असावी. सोनेरी नक्षीची पट्टी हिरोशिगेच्या पावसाला फार जड होते.

भिंत आणि उजेड

जुन्या चित्रांतला प्रशियन निळा बऱ्यापैकी टिकतो, पण करडईच्या फुलांपासून केलेला तांबडा आणि वनस्पतींचे इतर नाजूक रंग उजेडाने उडतात. संग्रहालये अशी चित्रे सुमारे ५० लक्स इतक्या मंद उजेडात आणि थोडे महिनेच मांडतात. घरात एवढे काटेकोर राहणे जमत नाही, तरी ऊन थेट पडणारी भिंत टाळावी आणि अतिनील किरण अडवणारी काच किंवा अॅक्रिलिक घ्यावे. स्वयंपाकघराजवळची भिंतही नको, कारण फोडणीचा तेलकट धूर कागदाला सोडत नाही. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत तर पूर्ण वर्ज्य. पोपडे धरलेले दिसत नसले तरी ओल आत असतेच. आतल्या भिंतीवरही चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे मागे हवा खेळती राहते.

उभे राहून पाहायचे असेल तेथे चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा. टेबलाशेजारी बसून पाहायचे असेल तर तो १२० च्या आसपास आणावा. बोळकांडीतली भिंत, पुस्तकांच्या कपाटाची बाजू, दाराशेजारची अरुंद पट्टी अशा जागा लोक वाया गेल्या समजतात, पण या चित्रांना त्याच मानवतात. जोडीने लावायची तर एकाच हाताची दोन घ्यावीत. योशिदांनी १९२६ मध्ये शिडाच्या होड्यांचे एकच चित्र सकाळ, धुके, संध्याकाळ, रात्र अशा वेगवेगळ्या प्रहरांच्या रंगांत छापले. त्यांतली दोन शेजारी लावली की नजर आपोआप एकीवरून दुसरीकडे फिरत राहते.

मागून उघडता येणारी एकच चौकट करून घ्यावी आणि तीन-चार चित्रे आम्लमुक्त कागदात आडवी, कपाटाच्या कोरड्या कप्प्यात ठेवावीत. जपानी घरात गुंडाळी-चित्र ऋतूप्रमाणे बदलतात, तसे इथेही करता येते, आणि एकाच चित्रावर वर्षभर उजेड पडत नाही हा फायदा वेगळाच. माझ्याकडे जूनमध्ये ‘शोनो’ची सर चढते आणि दसऱ्याच्या सुमारास ती उतरून त्याच मालेतल्या ‘कांबारा’चे रात्रीचे बर्फ लागते. त्या वेळी मागचा बोर्ड काढून बुरशीचे ठिपके किंवा कसर आहे का ते पाहावे, काच आतून सुक्या कपड्याने पुसावी आणि उतरवलेल्या चित्राच्या कागदी पाकिटावर, चित्रावर नव्हे, पेन्सिलीने तारीख लिहून ठेवावी.