सोन्याच्या नॅनोकणांवर सिलिकाचं कवच चढवताय? या चुका टाळा

सिट्रेट पद्धतीनं (सोन्याच्या क्षारावर सिट्रेटची क्रिया करून) बनवलेल्या 15 नॅनोमीटरच्या सुवर्णकणांचं द्रावण माणकासारखं लाल दिसतं आणि त्याचं शोषणशिखर, म्हणजे ज्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वाधिक शोषला जातो ती जागा, 520 नॅनोमीटरच्या आसपास येतं. सिलिका चढवताना द्रावण जांभळं झालं की अनेक जण कवच बसलं असं समजून पुढच्या पायरीला लागतात. सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सिलिकाचा अपवर्तनांक साधारण 1.45, पाण्याचा 1.33. एवढ्या फरकानं इतक्या लहान गोल कणांचं शिखर जेमतेम काही नॅनोमीटर लाल बाजूला सरकतं, नुसत्या नजरेला ते जाणवणंही कठीण. रंग उघड बदलला, शिखर पसरलं आणि 600 ते 700 नॅनोमीटरच्या पट्ट्यात शोषण वाढलं, तर कणांच्या गुठळ्या झाल्या आहेत. त्यावर कितीही सिलिका चढवली तरी त्या सुटत नाहीत. तो घाणा टाकून नवा घ्या.

गुठळ्या बहुतेक वेळा सुरुवातीलाच होतात. सोन्याच्या पृष्ठभागाला सिलिकाची ओढ नाही, मध्ये दुवा लागतो. लिझ-मार्झान, गियर्सिग आणि मल्व्हेनी या संशोधकांनी 1996 साली मांडलेल्या पद्धतीत हा दुवा म्हणजे अमिनो गट असलेलं सिलेन (सिलिकॉनचं सेंद्रिय संयुग), एपीटीएमएस. त्यावर सोडियम सिलिकेटमधून पातळ थर बसवायचा आणि मगच इथेनॉलमध्ये स्टोबर पद्धतीनं, म्हणजे अमोनियाच्या मदतीनं टीईओएस या सिलिकॉन संयुगापासून सिलिका बनवून, कवच जाड करायचं. हे सिलेन "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून ओतू नका. कण ऋणभारित असतात, अमिनो गट धनभारित. प्रमाण वाढलं की कणांना दूर ठेवणारा भारच नाहीसा होतो. पृष्ठभाग झाकण्यापुरतंच, विरल करून, जोरात ढवळत घाला. पातळ थर बसण्याआधी इथेनॉल ओतण्याची घाईही नको, उघडे सिट्रेट-कण त्यात तग धरत नाहीत. हे सगळं जमत नसेल तर पीव्हीपी या बहुवारिकाचा लेप देऊन थेट इथेनॉलमध्ये नेण्याचा मार्गही चांगला आहे.

टीईओएस एकदम घातलं तर सोन्याचा गाभा नसलेले सिलिकाचे गोळे वेगळेच तयार होतात. थोडं थोडं करून घाला. तरीही झालेच, तर कमी वेगाचं सेंट्रिफ्यूज कामी येतं: सोनं जड, ते आधी खाली बसतं, रिकामे गोळे वरच्या द्रवात राहतात. अमोनियाची बाटली जुनी आणि वारंवार उघडलेली असेल तर बदला, त्यातला अमोनिया उडून गेलेला असतो.

वर्णपट वाचतानाही गफलत होते. आधीचं मोजमाप पाण्यात आणि नंतरचं इथेनॉलमध्ये असेल, तर शिखर सरकण्यातला काही भाग द्रावकामुळेच असतो. दोन्ही एकाच द्रावकात मोजा. कवच जाड होत गेलं की सिलिकाचं विकिरण (प्रकाश विखुरणं) निळ्या बाजूला चढतं आणि शिखर उलट मागे आल्यासारखं भासतं. गाभ्याला काही झालेलं नसतं. खात्री हवी तर 1.45 च्या जवळ अपवर्तनांक असलेल्या इथेनॉल-टोल्युइन मिश्रणात कण न्या. तिथे सिलिका जवळजवळ अदृश्य होते आणि फक्त सोनं दिसतं. अशा मिश्रणात कवचाच्या जाडीनं शिखर हलत नाही. हललंच, तर गाभ्यांमध्ये गडबड शोधा.

आता टिकाऊपणा. कवच चढलं म्हणजे कण कायमचे सुरक्षित, हा समज सोडा. सिलिका पाण्यात हळूहळू विरघळते, अल्कधर्मी पाण्यात झपाट्यानं. नमुना जितका विरल, तितकं कवच लवकर झिजतं, कारण पाणी सिलिकानं संपृक्त व्हायला कवचाचा मोठा वाटा खर्च होतो. म्हणून साठा इथेनॉलमध्ये ठेवा आणि बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या जलीय द्रावणात) लागेल तेवढाच, लागेल तेव्हाच काढा. पीएच 2 ते 3 च्या आसपास सिलिकाचा पृष्ठभार शून्यावर येतो, तिथेही कण चिकटू शकतात.

जुना साठा वापरण्याआधी थोडा पाण्यात घेऊन मिठाचं द्रावण घाला आणि वर्णपट काढा. उघडे सिट्रेट-कण लगेच निळसर होतात, कवच शाबूत असलेल्यांचं शिखर जागचं हलत नाही.