वादळाचा माग घेताना आणि पडझड जोखताना या चुका टाळा

मे अर्धा सरला की गोव्यात एखाद्या दुपारी सह्याद्रीच्या बाजूने आभाळ काळवंडत येतं. दहा मिनिटं वारा सुटतो, वाड्यावरच्या चार घरांची कौलं उडतात, एखादा आंबा रस्त्यावर आडवा होतो. रात्रीपर्यंत गावच्या ग्रुपवर ठरून गेलेलं असतं: चक्रीवादळ आलं होतं. पुढच्या बऱ्याच चुका या एका शब्दातून निघतात, म्हणून आधी तोच सोडवून घेऊ.

चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि दिवसच्या दिवस टिकतं. टॉर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा फिरता खांब. तो बहुधा काही मिनिटांत विरतो. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला वर ढग लागत नाही. चौथा प्रकार आपल्याला सर्वांत जास्त भेटतो आणि त्याचंच नाव कुणी घेत नाही: ढगातली थंड हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. याला डाउनबर्स्ट म्हणतात. मॉन्सूनपूर्व पावसातली छपरं बहुतेक वेळा हाच वारा उडवतो.

टॉर्नेडो भारतात होतच नाहीत असं मात्र समजू नका. बंगाल, ओडिशा, पंजाब इथे ते झाले आहेत, आणि शेजारच्या बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ च्या टॉर्नेडोत सुमारे १,३०० माणसं गेली. गोव्याच्या समुद्रावर ढगातून सोंड उतरलेली दिसली तर तिने समुद्राचं पाणी वर ओढलं असंही म्हणू नका. ती सोंड मुख्यतः हवेतल्या बाष्पाच्या थेंबांची असते. पाण्याचा फवारा उडतो तो फक्त तळाशी.

माग घेताना

नकाशावरची रेघ म्हणजे वादळ, ही सर्वांत महागात पडणारी चूक. ती रेघ फक्त केंद्राचा अंदाजी मार्ग असते. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ च्या रात्री गुजरातच्या किनाऱ्याला लागलं. आदल्या दिवशी ते गोव्यासमोरून गेलं तेव्हा त्याचं केंद्र समुद्रातच होतं, तरी इथे झाडं आणि विजेचे खांब कोसळले आणि कितीतरी गावं अंधारात राहिली. ‘आपल्याकडे धडकणार नाही’ या वाक्यावर विसंबून होडी उघड्यावर ठेवू नका. रेघेभोवतीचा पंखा अंदाज किती चुकू शकतो ते दाखवतो, वारा कुठवर पोचेल ते नाही.

दुसरा घोळ आकड्यांचा. भारतीय हवामान खातं चक्रीवादळाचा वेग तीन मिनिटांच्या सरासरीने सांगतं, अमेरिकी संस्था एका मिनिटाच्या. त्यामुळे एकाच वादळाचा दुसरा आकडा मोठा दिसतो आणि ‘खातं लपवतंय’ असा मेसेज फिरू लागतो. कुणी काही लपवत नसतं, मोजण्याची मुदत वेगळी असते. खात्याच्या हिशेबात ताशी ६२ किमीपासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र. झोताचा, म्हणजे काही क्षणांच्या सोसाट्याचा, वेग याहून जास्त असतो आणि कौलं उडतात ती झोताने.

पणजीत आल्तिनोवर खात्याचं डॉप्लर रडार आहे. त्याचं चित्र पाहताना आधी कोपऱ्यातली वेळ वाचा. ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर साडेपाच तास मिळवा. अर्ध्या तासापूर्वीचं चित्र पाहून ‘ढग अजून वाळपईला आहे’ म्हणाल तेव्हा तो डोक्यावर आलेला असतो. चित्र हलत नसेल तर पान पुन्हा उघडा. तरीही तेच दिसलं तर ते जुनं आहे असं समजून आभाळाकडे बघा. लाल रंग म्हणजे जोराचा वारा असंही नाही. साध्या चित्रात तो पावसाचा जोर असतो. वारा दाखवणारं चित्र वेगळं, आणि त्यातही रडारकडे येणारा किंवा रडारपासून जाणारा वाराच मोजला जातो. शिवाय पृथ्वी गोल असल्याने रडारचा सर्वांत खालचा किरणही १०० किमीवर जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याखाली काय फिरतंय हे त्याला दिसत नाही. रडारवर काही नव्हतं म्हणून शेजारच्या गावाने सांगितलेलं खोटं ठरवू नका.

आभाळातली वीज कुठे पडते आहे हे कळायला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप ठेवा. गडगडाट कानी आला की सूचनेची वाट न पाहता घरात या.

पडझड जोखताना

इथे थोडं थांबायला हवं, कारण पडलेल्या वस्तूंवरून वाऱ्याचा जोर काढणं हे खरोखर शास्त्र आहे. शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये टॉर्नेडोसाठी त्याची श्रेणी बांधली. तिची सुधारलेली आवृत्ती, ईएफ (एन्हान्स्ड फुजिता) श्रेणी, अमेरिकेत १ फेब्रुवारी २००७ पासून वापरात आहे. ईएफ० ताशी १०५ किमीपासून सुरू होते, ईएफ५ ताशी ३२२ किमीच्या वर. हा वेग मोजलेला नसतो. घर, गोदाम, झाड, खांब अशा २८ खुणांवरून मागाहून काढलेला अंदाज असतो. म्हणून व्हिडिओतल्या सोंडेची जाडी पाहून श्रेणी सांगू नका. ३१ मे २०१३ चा ओक्लाहोमातला एल रेनो टॉर्नेडो चार किलोमीटरहून रुंद होता, गाडीवरून नेलेल्या रडारवर त्याचा वारा ईएफ५ च्या घरात मोजला गेला, तरी श्रेणी ईएफ३ राहिली. मोकळ्या रानात त्याहून मोठी खूण मिळालीच नव्हती.

आता हीच श्रेणी उचलून थेट आपल्या वाड्यावर लावणं चूक आहे. तिच्यातलं घर अमेरिकी लाकडी घर आहे, छप्पर ठोकून बसवलेलं. त्याच्या छपराचे मोठे भाग उडाले तर वेग साधारण ताशी १९६ किमी धरतात. आपली मंगळुरी कौलं रिपांवर नुसत्या वजनाने बसलेली असतात, ती फार कमी वाऱ्यात उचलली जातात. पत्रे गेले असतील तर हूक गंजले होते का ते पाहा. शेडची एक बाजू उघडी असली तर वारा आत शिरून पत्रे पोटातून वर ढकलतो. मातीची भिंत पडली असेल तर ती वाऱ्याने पडली की पावसात भिजून बसली हे आधी विचारा. माड तर त्या २८ खुणांच्या यादीतच नाही. तो वाकतो, झेलतो, आणि शेजारचा गुलमोहर मोडला तरी उभा राहतो.

झाड मुळासकट आलं की मधून मोडलं, यात मोठा फरक आहे. भिजलेल्या मातीत फणस साध्या वाऱ्यातही उपटतो, आणि रस्ता रुंद करताना एका बाजूची मुळं तोडलेली असतील तर तो पडण्याच्याच बेतात असतो. निरोगी, जाड बुंधा मधोमध पिळवटून मोडला असेल तर मात्र जोर खरा. बुंध्यात वाळवीची पोकळी आहे का ते तेवढं पाहून घ्या.

मग दिशा. झाडं एका जागेपासून पंख्यासारखी बाहेर पसरली असतील तर डाउनबर्स्ट. अरुंद, लांब पट्ट्यात दोन्ही बाजूंची झाडं आतल्या बाजूला झुकून पडली असतील तर टॉर्नेडोचा संशय घ्यायला जागा आहे. नुसती झाडं वेगवेगळ्या दिशांना पडली एवढ्यावर ‘वारा गरगर फिरत होता’ म्हणू नका. तौक्तेसारखं वादळ पश्चिमेने उत्तरेकडे जातं तेव्हा आपल्याकडे वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून, शेवटी नैर्ऋत्येकडून येतो. आधी पडलेलं झाड वायव्येकडे शेंडा करून पडतं, नंतरचं ईशान्येकडे. तासांचं अंतर विसरलं की त्याचा भोवरा दिसू लागतो. म्हणून कुठलं झाड किती वाजता पडलं हे शेजाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

हे सगळं करवत चालण्याआधी व्हायला हवं. पण तार तुटलेली असेल तर लांबच उभे राहा. वीज खात्याचा माणूस लाइन बंद झाली म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. अग्निशामक दल रस्ता मोकळा करत असेल तर त्यांच्या मध्ये येऊ नका, लांबून फोटो घ्या. प्रत्येक फोटोत शेंडा कुठे पडला ती दिशा होकायंत्रावर पाहून नोंदवा, शेजारी उभा राहिलेला माणूस किंवा छत्री असू द्या म्हणजे बुंध्याची जाडी कळेल, आणि जे पडलं नाही त्याचाही फोटो घ्या. उडालेल्या छपराशेजारी शाबूत उभी असलेली जुनी कौलं वाऱ्याची वरची मर्यादा सांगतात, आणि नेमकं तेच कुणी टिपत नाही.

तलाठी पंचनाम्याला आले की फोटो दाखवा, वेळ सांगा. वेग विचारलाच तर एकच आकडा देऊ नका. अमुक ते अमुक एवढंच म्हणा. ईएफ श्रेणीतही त्याच उडालेल्या छपरासाठी खालची मर्यादा ताशी १६७ किमी आणि वरची २२९ दिलेली आहे.