नवऱ्याचा ग्रीनकार्ड व्हिसा आणि माझा पुण्यातला लांबलेला मुक्काम

मी अमेरिकन नागरिक, नवरा पुण्यात. आय-१३०, म्हणजे नवऱ्यासाठी मी केलेला नात्याचा अर्ज, मंजूर झाला आणि नेमकं तेव्हाच सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी मला मोठी रजा काढून भारतात यावं लागलं. ‘केस संपेपर्यंत तू देश सोडायचा नाहीस’ असं नातेवाईक छातीठोकपणे सांगत होते. तसा नियमच नाही. अडतं ते आय-८६४ वर, म्हणजे नवऱ्याच्या खर्चाची हमी देणाऱ्या फॉर्मवर: प्रायोजकाचं, म्हणजे माझं, बिऱ्हाड अमेरिकेतच आहे हे दिसावं लागतं. माझा सध्याचा पत्ता पुण्याचा, त्यामुळे पुरावे मागितले गेलेच.

मग भाडेकरार, ताजं वीजबिल, टॅक्स रिटर्न, परतीचं तिकीट आणि रजा तात्पुरती असून नोकरी चालू असल्याचं कंपनीचं पत्र अपलोड केलं. सोबत अर्ध्या पानाचा खुलासा: का आले, कधी परतणार. माझ्या मते वजन पडलं ते कंपनीच्या पत्राचं; तिकीट काय, कुणीही काढतं! आय-८६४ ला नोटरी लागत नाही, घरीच सही करून स्कॅन केला.

कागद मान्य झाले. मुलाखतीला प्रायोजकाची हजेरी सक्तीची नसते. मी तोवर कामावर परतले होते. नवरा मूळ दाखले आणि लग्नाचे फोटो घेऊन एकटाच मुंबईत बीकेसीला, अमेरिकन वकिलातीत, जाऊन आला.