लहान मुलांच्या आईने वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्यावा

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच बॅरिॲट्रिक सर्जरी, करून घ्यावी का याचा विचार करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की वजन किती उतरेल. त्याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन कमी होते आणि पुढे त्यातले थोडे परत येते. घरात लहान मुले असलेल्या आईला मात्र याहून अवघड प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतात. शस्त्रक्रिया आत्ता करावी की बाळ थोडे मोठे झाल्यावर, जखमा भरून येईपर्यंत मुलांना कोण सांभाळील, आणि नंतर जन्मभर पाळायचे पथ्य मुलांच्या मागे धावताना सांभाळता येईल का, हे ते प्रश्न होत. शस्त्रक्रियेसाठी तुम्ही पात्र आहात का, हे डॉक्टर सांगतील. बाकीची उत्तरे घरात बसून काढावी लागतात आणि ती तारीख ठरण्याच्या आधीच काढलेली बरी.

मुले लहान असताना आईने स्वतःच्या शरीरासाठी एवढा मोठा निर्णय घेणे हा स्वार्थ आहे, असे अनेक जणींना ऐकवले जाते आणि ऐकून ऐकून ते त्यांनाही पटू लागते. हे मनातून काढून टाकावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. स्थूलता हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडखळणे, यकृतात चरबी साठणे आणि गुडघ्यांची झीज हे त्याच्या मागोमाग येतात. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे सांगतात की, वय, लिंग आणि इतर धोके हिशेबात घेतल्यानंतर, शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी होता. मात्र ‘मुलांसाठी बारीक व्हायलाच हवे’ या दडपणाखाली घेतलेला निर्णयही तितकाच कच्चा असतो, कारण पुढची पथ्ये दुसऱ्या कोणासाठी म्हणून फार दिवस पाळली जात नाहीत.

पात्रता आणि योग्य वेळ

अनेक वर्षे बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत एखादा गंभीर आजार, हा निकष मानला जात असे. तो १९९१ मधला होता. २०२२ मध्ये अमेरिकेतील आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन शल्यचिकित्सक संघटनांनी तो बदलला. आता बीएमआय ३५ किंवा अधिक असेल तर सोबत आजार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस केली जाते आणि ३० ते ३५ च्या दरम्यान मधुमेहासारखा आजार असेल तर तिचा विचार होतो. आशियाई वंशाच्या लोकांना कमी वजनावरही हे आजार गाठतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ही मर्यादा २७.५ इतकी खाली आणली आहे.

हा आकडा बाळंतपणानंतर लगेच काढू नये. गरोदरपणात वाढलेले वजन उतरायला काही महिने जातात, आणि तेवढ्यात थायरॉईड, रक्तातील हिमोग्लोबिन व मनाची अवस्था यांचीही नीट तपासणी होऊ शकते. बाळ अंगावर पीत असेल तर ते सुटेपर्यंत थांबणे माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे आहे. दूध तयार होण्यासाठी आईच्या शरीराला रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक लागतात, तर शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिवसभरात पोटात जाणारे अन्नच अगदी थोडे असते. शिवाय आईला बी १२ कमी पडले तर ते केवळ दुधावर असलेल्या बाळालाही कमी पडते.

आणखी एक मूल हवे आहे का, हा प्रश्न नवरा-बायकोने आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगितले जाते, कारण वजन झपाट्याने उतरत असताना गर्भाला पुरेसे पोषण मिळण्याची खात्री नसते. अडचण अशी की वजन उतरू लागले की पाळी नियमित होते, पीसीओडीमुळे, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या संप्रेरकांच्या बिघाडामुळे, वर्षानुवर्षे दिवस न राहिलेल्या स्त्रीलाही अनपेक्षितपणे दिवस राहू शकतात, आणि गॅस्ट्रिक बायपास या प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर (तिची माहिती पुढे आहे) गर्भनिरोधक गोळ्या शरीरात पुरेशा शोषल्या जातीलच असे नाही. म्हणून तांबी, इंजेक्शन किंवा इम्प्लांट यांपैकी काय योग्य, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवून घ्यावे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असतील तर रक्ताच्या गुठळ्यांच्या धोक्यामुळे त्या काही आठवडे आधी बंद कराव्या लागतात, हेही तेव्हाच विचारावे. पुढे गरोदर राहिल्यास गरोदरपणातील मधुमेहाचा धोका कमी होतो, मात्र बाळ वजनाने कमी भरण्याची शक्यता वाढते. बायपास झालेली असेल तर ग्लुकोज पाजून करायची साखरेची चाचणी सोसत नाही. तिच्याऐवजी दुसऱ्या पद्धतीने साखर मोजावी लागते.

शस्त्रक्रिया की औषधे, आणि कोणती शस्त्रक्रिया

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांमुळे आता मधला मार्ग उपलब्ध आहे. मोठ्या चाचण्यांमध्ये सव्वा ते दीड वर्षात पहिल्याने सरासरी १५ टक्के आणि दुसऱ्याच्या मोठ्या मात्रेने सुमारे २० टक्के वजन उतरले. औषध थांबवले की वजन बहुधा परत वाढते, आणि गरोदरपणात ती घेता येत नाहीत. स्तनपान करतानाही ती टाळली जातात. तरीही बाळ फार लहान आहे आणि घरात मदतीला कोणी नाही अशा स्थितीत, दोन-तीन वर्षे औषधांवर काढून मग शस्त्रक्रियेचा विचार करणे हा पळपुटेपणा नव्हे.

शस्त्रक्रियांपैकी दोन प्रमुख आहेत आणि दोन्ही बहुधा दुर्बिणीतून, छोट्या छेदांतून होतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. तिच्यानंतर काहींना छातीत जळजळ सुरू होते किंवा आधीची वाढते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मधुमेह आणि आम्लपित्त यांवर ती अधिक प्रभावी ठरते, पण पोषणद्रव्यांची कमतरता तिच्यात जास्त होते, गोड खाल्ल्यावर घाम, धडधड आणि चक्कर येऊ शकते आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांमुळे जोडावर व्रण पडू शकतो. मुलांच्या तापासाठी घरात असलेले तेच औषध स्वतःच्या डोकेदुखीवर घेण्याची सवय अनेक आयांना असते. ती मोडावी लागेल.

अनुभवी केंद्रात या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण हजारात सुमारे एक, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेइतके, आहे. रक्तस्राव, टाक्यांच्या रेषेतून गळती आणि पायात किंवा फुप्फुसात गुठळी या गुंतागुंती क्वचित होतात, पण झाल्या तर रुग्णालयातला मुक्काम लांबतो. मुलांची सोय करताना दोन-तीन दिवसांऐवजी दोन आठवडे धरून चालावे ते यासाठीच.

घराची तयारी

या भागावर सर्वांत कमी बोलले जाते आणि माझ्या मते निर्णय खरा इथेच ठरतो. रुग्णालयातून साधारण एक ते तीन दिवसांत घरी सोडतात, बैठे काम दोन ते चार आठवड्यांत सुरू करता येते, पण जड वस्तू उचलण्यास चार ते सहा आठवडे मनाई असते आणि ही मर्यादा बहुधा पाच-सात किलोंची असते. एक वर्षाचे मूल नऊ-दहा किलोंचे असते. याचा अर्थ असा की आंघोळीच्या टबातून, पाळण्यातून किंवा गाडीच्या सीटवरून मुलाला उचलणे हे त्या दीड महिन्यात तुमचे काम नाही, आणि रडत आलेल्या मुलाला पटकन कडेवर घेण्याचा हात आवरणे वाटते त्याहून कठीण असते. त्यासाठी आधीच सवय लावावी. तुम्ही पलंगाच्या कडेला किंवा सोफ्यावर बसावे, मुलाने स्वतः चढून शेजारी यावे, मध्ये एक उशी पोटावर धरावी आणि मगच त्याला जवळ घ्यावे. शस्त्रक्रियेपूर्वी दोन-तीन आठवडे हा खेळ म्हणून रोज केला तर नंतर मुलाला आपल्याला दूर लोटले असे वाटत नाही.

मदतीला येणाऱ्या व्यक्तीशी ‘बघू, करू काहीतरी’ इतक्यावर बोलणे थांबवू नये. सकाळी मुलांना कोण उठवणार, शाळेत कोण सोडणार, रात्री मूल जागे झाले तर कोण उठणार, आणि मुलालाच ताप आला तर डॉक्टरांकडे कोण नेणार, हे कागदावर नावानिशी लिहावे. रात्रीचा रकाना रिकामा राहिला तर तारीख पुढे ढकलावी, असे मी स्पष्टपणे म्हणेन. शाळा सुरू होण्याचा आठवडा, घरातले कार्य किंवा नवऱ्याचा परगावचा दौरा यांच्या आसपासची तारीख घेऊच नये. एकट्या आईने तर दोन माणसांची सोय करावी, कारण एक आजारी पडू शकते.

मुलांना काय सांगायचे हेही ठरवावे. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘आईच्या पोटावर डॉक्टर उपचार करणार आहेत, तिथे छोट्या जखमा असतील, म्हणून थोडे दिवस आई उचलून घेणार नाही, पण गोष्ट रोज सांगेल’ एवढे पुरते. ‘आई जाडी आहे म्हणून’ असे कारण देऊ नये. शरीराविषयी घरात ऐकलेले शब्द मुले स्वतःवर लावून घेतात, विशेषतः ज्या मुलांचे वजन जास्त आहे ती.

आधीचे आठवडे आणि नंतरची वर्षे

शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताच्या तपासण्या, बहुधा एंडोस्कोपी, गरज असल्यास झोपेची तपासणी आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट होते. बाळंतपणानंतर नैराश्य आले होते का, मन हलके करण्यासाठी खाण्याची सवय आहे का, हे तिथे लपवू नये, कारण शस्त्रक्रियेनंतर काही जणांमध्ये नैराश्य आणि दारूची ओढ वाढते असे दिसून आले आहे. तंबाखू पूर्ण बंद करावी लागते. शेवटचे सुमारे दोन आठवडे यकृताचा आकार कमी करण्यासाठी कमी कॅलरींचा आहार असतो. या काळात घरच्यांसाठी स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला तर तो निभावणे सोपे जाते.

नंतर आधी पातळ पेये, मग दाट द्रव, मग गुळगुळीत केलेले अन्न, मग मऊ अन्न असे टप्पे घेत सहा ते आठ आठवड्यांत साध्या जेवणावर येता येते. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने, दीड ते दोन लिटर पाणी घोटघोट, जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी नाही, आणि प्रत्येक घास नीट चावून वीस-तीस मिनिटांचे जेवण, हे नियम कायमचे आहेत. लहान मुलांच्या आईचे जेवण उभ्याने, गार झालेले आणि पाच मिनिटांत आटोपलेले असते; आता घाईने गिळलेला घास अडकतो आणि उलटी होते. मुलांच्या ताटात उरलेले संपवण्याची सवयही सोडावी लागते. मुलांना आधी भरवून मग स्वतः शांतपणे बसायचे, की सर्वांसोबत बसून भरवण्याचे काम दुसऱ्याकडे द्यायचे, हे घरागणिक ठरेल, पण ती अर्ध्या तासाची वेळ ठरलेलीच हवी.

गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. मल्टिव्हिटॅमिन, बी १२, ड जीवनसत्त्व, दिवसभरात विभागून १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पाळी येणाऱ्या स्त्रियांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह हे साधारण प्रमाण आहे. लोह आणि कॅल्शियम यांच्यामध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. इथे एक धोका आवर्जून सांगायला हवा: लोहाच्या गोळ्या लहान मुलाने जास्त खाल्ल्या तर त्या जिवावर बेतू शकतात. पर्स, उशीजवळचे टेबल, फ्रिजवरची टोपली या जागा चालणार नाहीत; उंचावरचे, कुलूप लागणारे कपाट हवे, आणि चुकून खाल्ल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि ते बहुधा परत येतात. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यासाठी काही महिने औषध दिले जाते. उलट्या थांबतच नसतील तर बी १ जीवनसत्त्व कमी पडून मज्जासंस्थेला इजा होते, म्हणून दोन-तीन दिवस सोसत बसू नये. ताप, आराम करतानाही १२० च्या वर गेलेली नाडी, वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात कळ, धाप किंवा पोटरीला सूज यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयात जावे. ही लक्षणे आणि रुग्णालयाचा चोवीस तास लागणारा क्रमांक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवा, कारण मुलांना सोडून कसे जायचे या विचाराने आया उशीर करतात.

शल्यचिकित्सकांना भेटताना वर्षाला किती शस्त्रक्रिया होतात, गळती झाल्यास रात्री कोण हजर असते, आहारतज्ज्ञ किती वर्षे सोबत राहतात आणि दरवर्षीच्या रक्ततपासणीची आठवण कोण करते, हे विचारावे. पहिल्याच भेटीत तारीख घेण्याची घाई केली जात असेल तर दुसऱ्या केंद्राचे मत घ्यावे. संमतिपत्रावर सही केल्यानंतरही शस्त्रक्रियागृहात जाईपर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता, आणि आदल्या दिवशी मुलाला ताप आला किंवा सांभाळायला येणारी व्यक्ती आली नाही, तर रुग्णालयाला फोन करून नवी तारीख मागणे पुरेसे आहे.